वर्ध्याचे गुत्ते

सेवाग्राम येथें महात्माजींचें वास्तव्य झालें, त्या भूमीचा मान राखावा म्हणून वर्धा जिल्ह्यांत दारूबंदी जारी झाली. हेतु स्तुत्यच होता. परंतु परवान्याचें दुकान उठलें आणि नाल्याकाठच्या झुडपांत हातभट्टी बसली, ती आजतागायत हाललेली नाहीं. मोहाचीं फुलें, सडका गूळ, नवसागर. एवढ्या भांडवलावर गुत्ता चालतो, आणि मजुराला तेथें उधारीहि मिळते!

इतरत्र निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनीं 'आडव्या बाटली'ला मत दिलें, तर परवान्याचें दुकान बंद होतें. गुत्त्याला परवानाच नाहीं. मग रद्द काय करावें? ज्या माउलीच्या घरचें भांडें दारूपायीं विकलें जातें, तिच्या हातीं वर्ध्यांत मतपत्रिकाहि नाहीं.

शेजारच्या चंद्रपुरांत २०१५ सालीं आलेली बंदी २०२१ सालीं उठली. चोरटी दारू वाढली, हें त्याचें एक कारण सांगितलें गेलें. घरफोड्या वाढल्या म्हणून कुलपें काढून टाकावीं, त्यांतलाच हा न्याय!

आम्ही नवा कायदा मागत नाहीं. धाड पडते, पिंपें उलथलीं जातात, आणि आठवड्यानें त्याच झुडपांतून धूर निघतो, हें पोलिसांस आम्हीं सांगावयास नको. दारूबंदी कायद्याच्या ९३ व्या कलमान्वयें अशा सराईत विक्रेत्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेतां येतो. तो किती गुत्तेवाल्यांकडून घेतला, हें प्रत्येक ठाणेदारानें वर्षांतून एकदां ग्रामसभेंत, स्त्रियांसमोर उभें राहून सांगावें.