टॉवरांपलीकडचा उपग्रह

डिलाईल रोडच्या चाळीची गच्ची हौशी रेडिओवाल्या हॅम मंडळींना तशी गैरसोयीचीच. खालच्या कक्षेतला उपग्रह दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावरून जातो, त्यातली पहिली-शेवटची मिनिटं लोअर परळचे टॉवर खातात. एका हातात अँटेना, दुसरा हात ट्यूनिंगच्या खुंटीवर. कारण उपग्रहाच्या वेगामुळे फ्रिक्वेन्सी सतत सरकते.

इस्रोने ५ मे २००५ रोजी सोडलेला ‘हॅमसॅट’ असाच होता. वजन साडेबेचाळीस किलो. ४३५ मेगाहर्ट्झवर बोलायचं, १४५ वर ऐकायचं. २०१४ मध्ये बॅटरीने दगा दिला.

आता भिस्त कतारच्या ‘एस-हेल-२’वर. विषुववृत्तावर, २६ अंश पूर्व रेखांशाजवळ स्थिर असल्याने तो मावळत नाही. मुंबईहून डिश नैऋत्य-पश्चिमेला, सुमारे ३३ अंश वर रोखायची. मध्ये टॉवर नसला म्हणजे झालं!