मिरजेचा तंबोरा

रशियाचा बालालायका तीन तारांचा, त्रिकोणी. मिरजेच्या तंबोऱ्याला मात्र गोल भोपळाच लागतो. भीमाकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागात पिकणारा हा कडू भोपळा वाळवून, कोरून त्यावर लाकडी दांडी जोडतात.

एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली.

खरं कसब जवारीत, म्हणजे तारेचा नाद खुलवण्यात! तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसेनं हलकेच घासायचा, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. नेमकी जागा सापडली की स्वर फुलतो. हे काम कानांचं, यंत्राचं नव्हे.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नवशिक्यांनी तंबोरा घेताना जवारी कारागिरासमोर बसूनच लावून घ्यावी.