फॉलिक आम्ल : महत्त्व वेळेचे आणि मात्रेचे

सरकारी आरोग्य केंद्रांतून गर्भवती स्त्रियांना दिली जाणारी लाल गोळी सर्वपरिचित आहे. तीत लोहासोबत ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, म्हणजेच ‘ब-९’ जीवनसत्त्व असते. लोहाचे महत्त्व बहुतेकांना ठाऊक असते. फॉलिक आम्लाचे कार्य मात्र दुर्लक्षित राहते.

या जीवनसत्त्वाच्या शोधाची पायाभरणी मुंबईत झाली. गिरणी कामगार स्त्रियांमध्ये गरोदरपणी आढळणाऱ्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी डॉ. ल्युसी विल्स १९२८ मध्ये येथे आल्या. यीस्टच्या अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला.

नव्या पेशी तयार होण्यासाठी हे जीवनसत्त्व आवश्यक असते. गर्भाचा मेंदू व मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. ती अपुरी मिटल्यास बालकात गंभीर जन्मजात व्यंग उद्भवते. असे व्यंग पूर्वी आढळलेल्या मातांमध्ये फॉलिक आम्लामुळे त्याची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटल्याचे १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत दिसून आले.

लोहयुक्त लाल गोळी चौथ्या महिन्यापासून सुरू होते. तोवर ही नलिका केव्हाच बंद झालेली असते. म्हणूनच गर्भधारणेपूर्वीपासून पहिल्या तिमाहीअखेर दररोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेण्याची शिफारस आहे. पालेभाज्या व डाळी उपयुक्त असल्या, तरी त्यांतील हे जीवनसत्त्व शिजवताना बरेचसे नष्ट होते.

शिफारस केलेल्या मात्रेत ही गोळी सुरक्षित आहे. मात्र वैद्यकीय सल्ल्याशिवाय प्रौढांनी दिवसाला १००० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये. अधिक मात्रेने ‘ब-१२’च्या अभावामुळे झालेला रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी छुपेपणाने सुरूच राहते. ‘ब-१२’ प्रामुख्याने दूध, अंडी, मांस व मासे यांतून मिळत असल्याने दूधही कमी घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तींनी विशेष दक्ष राहावे. अपस्माराची औषधे घेणाऱ्या, तसेच पूर्वीच्या बालकात असे व्यंग आढळलेल्या स्त्रियांनी मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

अनेकींना गर्भधारणेची जाणीव होईपर्यंत मोलाचे दिवस निघून गेलेले असतात. त्यामुळे आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांनी गर्भवतींइतकेच नवविवाहितांपर्यंतही पोहोचणे अगत्याचे आहे.