न झिजलेल्या सायकली

जुनी सायकल विकायला काढणारा माणूस एक वाक्य हमखास बोलतो : ‘‘फारशी वापरलेलीच नाही हो. बघा, कशी नव्यासारखी आहे!’’ ते ऐकून घेणाऱ्याचे डोळे चमकतात. जुन्या सायकलींच्या मागे बरीच वर्षे हिंडल्यावर माझे मात्र उलटे झाले आहे. हे वाक्य कानावर पडले की मी सावध होतो. एवढी चांगली होती, तर वापरली का नाही?

मी शिकलेला अभियंता नव्हे. माझी नोकरी हिशेबखात्यातली. सायकलींचे जे काही कळते ते दुरुस्तीच्या दुकानांत बाकावर बसून, जुनी माहितीपत्रके चाळून आणि स्वतःच्या हातांना ग्रीस लावून कळलेले आहे. हिशेबखात्यातल्या माणसाला पावती बघायची सवय असते. सायकलही आपल्या वापराच्या पावत्या अंगावर बाळगते : पेडलची रबरे, ब्रेकची रबरे, हँडलच्या मुठी आणि फ्रीव्हीलचे दाते. रंग पुन्हा देता येतो, क्रोम घासून चकाकवता येतो, पण वीस वर्षे दामटलेल्या सायकलीच्या दात्यांची टोके वाकलेली असतात आणि पेडलवरची नक्षी पुसून गेलेली असते.

या पावत्या तपासत गेल्यावर एक गोष्ट वारंवार दिसू लागली. जी सायकल माणसाला आवडली ती त्याने झिजवली, तिचे भाग बदलले, अखेर मोडीत काढली. जी आवडली नाही ती चार-सहा महिन्यांत माळ्यावर गेली आणि तिथे सुखरूप राहिली. म्हणजे ‘जशीच्या तशी’ म्हणून आज आपल्यापुढे येणाऱ्या जुन्या सायकलींत नावडत्या सायकलींचा भरणा अधिक असणार. काळाने ठेवले ते उत्तमच असते, असा आपला समज असतो. इथे काळाने बरेचदा न आवडलेलेच जपून ठेवले आहे.

पण न आवडण्याचे कारण काय? मालक सहसा दोष स्वतःकडे घेतो. ‘‘आमच्यात दमच नव्हता,’’ असे म्हणतो. हे किती खरे, ते पाहण्यासाठी तीन परदेशी उदाहरणे घेऊ. तिथे काय घडले याची नोंद चांगली आहे. मग घरी येऊ.

मऊ टायरचा सापळा

१९५६च्या सुएझ पेचप्रसंगात ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले. तेव्हा ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथील अ‍ॅलेक्स मोल्टन हा अभियंता सायकलीचा नव्याने विचार करू लागला. ‘मिनी’ या छोट्या मोटारीची रबरी झटकाशोषक रचना त्याचीच. त्याने १६ इंची चाकांची सायकल तयार केली. चाक लहान असले की ते खड्ड्यात अधिक खोल जाते, हादरे अधिक बसतात. यावर त्याने दोन गोष्टी एकत्र केल्या : अरुंद टायरमध्ये भरपूर दाबाची हवा, आणि पुढे-मागे रबराच्या मदतीने हादरे गिळणारी रचना. आधी हे काम त्याने नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीपुढे ठेवले होते. रॅलेने ते नाकारले, म्हणून १९६२मध्ये त्याने स्वतःच सायकल बाजारात आणली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात जॉन वुडबर्न याने मोल्टनवरून कार्डिफ ते लंडन हा विक्रम मोडला. लहान चाक म्हणजे संथ चाक, ही समजूत त्यामुळे खोटी ठरली.

मोल्टन खपू लागल्यावर रॅलेला जाग आली. रॅले हे नाव आपल्याला परके नाही. आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यामुळे ते भारतभर पोचले होते. १९६५मध्ये नॉटिंगहॅमहून ‘आरएसडब्ल्यू १६’ आली. चाके तशीच १६ इंची, दिसायला सुबक. मोल्टनची रचना वापरता येत नव्हती, म्हणून हादऱ्यांवर सोपा उपाय केला : दोन इंच रुंदीचे गुबगुबीत टायर आणि त्यात कमी हवा. टायरच गादीचे काम करील, अशी कल्पना.

दुकानासमोर एक फेरी मारणाऱ्याला ही सायकल खरोखरच मऊ वाटत असणार. फसगत तिथेच होती. समजा, मागच्या चाकावर ५० किलो भार आहे. हवेचा दाब चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल, तर टायरचा साधारण १० चौरस सेंटिमीटर भाग रस्त्याला टेकतो. दाब अडीच किलोवर आणला की तेवढ्याच भाराखाली २० चौरस सेंटिमीटर टेकतो. चाक फिरताना टायरचा प्रत्येक भाग खाली आला की दबतो आणि वर जाताना पूर्ववत होतो. दबताना रबर जेवढी शक्ती घेते तेवढी परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन जाते. टायर जितका जास्त दबेल तितकी ही गळती मोठी. चाक लहान असेल तर टायरला अधिक तीव्र वाकावे लागते, आणि तेवढ्याच अंतरात फेरेही जास्त होतात.

मोल्टनची रचना मुख्यतः खड्डा आला की काम करत होती. आरएसडब्ल्यूचा टायर मात्र गुळगुळीत रस्त्यावरही, प्रत्येक फेऱ्याला, चालवणाऱ्याकडून कर घेत होता. मैलभर गेल्यावर मांड्या भरून आल्या की माणूस मुकाट्याने आपल्या वयाला दोष देत असे.

रुंद टायर म्हणजे वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पातळ, लवचिक कापडाचा रुंद टायर योग्य दाबाला उत्तम पळतो. दोष होता तो लहान चाक, जाड टायर आणि कमी हवा या तिघांच्या एकत्र येण्यात. याचा पुरावा त्याच कंपनीने दिला. रॅलेने १९६७मध्ये मोल्टनचा सायकल-व्यवसाय विकत घेतला आणि १९६८मध्ये ‘ट्वेंटी’ ही सायकल आणली : २० इंची चाके, नेहमीच्या रुंदीचे टायर, त्यात चांगली हवा, झटकाशोषक काही नाही. ही साधी सायकल लोकांनी भरपूर चालवली आणि आजही चालवतात.

शेजारी उभे राहण्याची सायकल

दुसरे उदाहरण रॅलेच्याच ‘चॉपर’चे. ब्रिटनमध्ये ती १९७०मध्ये आली. पुढे १६ इंची आणि मागे २० इंची चाक, उंच हँडल, पाठ टेकायला आधार असलेली लांबलचक सीट, आणि मोटारीसारखा गिअरचा दांडा थेट फ्रेमवर. पोरे वेडी झाली. दहा लाखांहून अधिक चॉपर खपल्या.

चॉपर नावडती होती असे कोणी म्हणणार नाही. ती शाळेच्या फाटकाशी उभी करून तिच्याजवळ थांबण्यातला आनंद खराच होता. चालवताना मात्र बसणाऱ्याचे वजन फार मागे जाई, त्यामुळे पुढचे चाक हलके पडे. चढावर हँडल ओढले की ते उचलले जाई. उतारावर वेग आला की थरथरू लागे. त्यात वजन अठरा किलोंच्या आसपास. १९७२मध्ये कंपनीने सुधारित चॉपर काढली, तेव्हा सीट पुढे सरकवली होती. कारखान्यातून आलेल्या दुरुस्तीला मी कबुलीजबाब मानतो.

दहा गिअर आणि दुखरी मनगटे

तिसरे उदाहरण अमेरिकेचे. १९७०नंतर तिथे सायकलींची लाट आली. १९७३ या एका वर्षात सुमारे दीड कोटी सायकली खपल्या. १९७५पर्यंत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. या लाटेत मागणी होती ती ‘टेन-स्पीड’ला, म्हणजे पुढे दोन आणि मागे पाच चकत्या, अरुंद सीट आणि शर्यतीच्या सायकलीचे खाली वळलेले हँडल.

शर्यतीत हे हँडल योग्यच असते. पाय जोरात दाबले की शरीराचा वरचा भाग काहीसा उचलला जातो आणि हातांवरचा भार कमी होतो. पण बाजारात जाऊन येणारा माणूस जोरात पेडल मारत नाही. त्याच्या धडाचे ओझे मनगटांवर आणि मानेवर येते. शिवाय तेव्हाच्या गिअरला ‘कट्’ असा थांबा नव्हता. दांडा अंदाजाने सरकवून चेन नेमकी बसवावी लागे. शिकागोच्या श्विन कंपनीची ‘व्हर्सिटी’ ही त्या काळातली फार खपलेली टेन-स्पीड. तिची फ्रेम तुटता तुटत नसे, पण सायकल अठरा किलोंची. शर्यतीचा पोशाख घातलेला तो एक हमाल होता. यांपैकी असंख्य सायकली गॅरेजच्या भिंतीला टांगल्या गेल्या आणि आज ‘व्हिंटेज’ म्हणून उतरवल्या जात आहेत.

या पिढीच्या स्वस्त सायकलींत आणखी एक दोष होता, आणि तो आपल्याला चांगला ठाऊक आहे : क्रोम केलेली लोखंडी रिम. कोरडी असताना ब्रेक बरा लागतो. पावसात त्या गुळगुळीत क्रोमवर पाण्याचा थर बसतो आणि रबराची पकड कितीतरी पटींनी कमी होते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर आषाढात सायकल चालवलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. त्याने चपला रस्त्यावर घासून सायकल थांबवलेली असते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवर ओल्यातही पकड बरीच चांगली मिळते. म्हणजे भीती चालवणाऱ्याच्या मनात नव्हती, रिमवर होती.

आमच्या घरची पावती

आपल्याकडची काळी, दांडीच्या ब्रेकची सायकल या सगळ्यांहून जुनाट. वजन वीस किलोंच्या घरात, गिअर नाही. तरी दूधवाल्याने, पोस्टमनने आणि गिरणीकामगाराने ती आयुष्यभर चालवली. कारण तिच्यात भांडण नव्हते. २८ इंची चाक छोट्या खड्ड्यांवरून सहज जाते, ताठ बैठकीमुळे भार हातांऐवजी सीटवर राहतो, चाकांतले लांब अंतर आणि तिरका चिमटा हादरे मवाळ करतात. ती वेगाचे आश्वासन देत नाही, म्हणून फसवतही नाही. अशी सायकल मूळच्या सगळ्या भागांसह सापडणे मात्र कठीण. ती वापरात संपते.

वडिलांची, म्हणजे अण्णांची, अशीच एक होती. १९८६मध्ये मी दहावी झालो तेव्हा त्यांनी मला नव्या धाटणीची लाल ‘स्पोर्ट्स’ सायकल घेऊन दिली. कोणत्या कंपनीची ते सांगण्याची गरज नाही. तिच्यासाठी त्यांनी वर्षभर पैसे बाजूला टाकले होते, हे मला माहीत होते. आणि मला ती चालवावीशी वाटेना. कॉलेज सहा किलोमीटरवर. पोचेपर्यंत गुडघे दुखत. मी एसटीचा पास काढला. अण्णा एकदाच बोलले, ‘‘आम्ही याच्या दुप्पट जात होतो रोज. तुला अंगमेहनत नको.’’ मलाही ते खरेच वाटले. पुढे वीसेक वर्षे मी सायकलीला हात लावला नाही.

चाळिशीजवळ आल्यावर तीच सायकल माळ्यावरून काढली आणि पहिल्यांदा हिशेबनिसाच्या नजरेने पाहिली. पेडलची नक्षी शाबूत होती. फ्रेम माझ्या उंचीला लहान, आणि सीटची नळी इतकी आखूड की पेडल खाली असतानाही गुडघा बराच वाकलेला राहत होता. दोन्ही चाकांचे कोन दुकानातूनच अति आवळून आले होते. चाक उचलून फिरवले तर चार फेऱ्यांत थांबे. मी लांब नळी आणली, छर्रे बदलून कोन सैल केले, टायरवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरली. सायकल अप्रतिम झाली नाही; पण सहा किलोमीटर गेलो आणि गुडघे दुखले नाहीत.

अण्णा तेव्हा पंच्याहत्तरीचे होते. मी त्यांना चाक फिरवून दाखवले, आधी आवळून आणि मग सैल करून. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे तू तेव्हा खोटं बोलत नव्हतास.’’

म्हणून जुनी सायकल घेताना वाचकांनी रंगाआधी पेडल बघावे. घरात अशी एखादी पडून असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी थोडे तपासावे. टायरवर लिहिलेला दाब भरावा. टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली नेल्यावर पाय सरळ होईल इतकी सीट वर घ्यावी. चाक उचलून फिरवावे. ते आवळलेले आणि खुळखुळणारे, दोन्ही नको. ब्रेकची रबरे कडक झाली असतील तर बदलावीत, आणि पावसाआधी रिम पुसावी. एवढे करूनही मन रमले नाही, तर ती सायकल खुशाल शोभेला ठेवावी.

फक्त घरातल्या मुलाने ‘‘ही सायकल जड जाते’’ असे म्हटले, तर त्याला आळशी म्हणण्याआधी एकदा चाक उचलून फिरवून बघावे.