दोन पंखे आणि एक ट्यूबलाइट

३१ डिसेंबर २०१३ या एकाच तारखेला विजेच्या दुनियेत दोन गोष्टी घडल्या आणि त्यांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, ईरी तलावाच्या उत्तर किनाऱ्यावर, नँटिकोक वीजकेंद्राचा कोळसा जाळण्याचा तो शेवटचा दिवस होता. एके काळी उत्तर अमेरिकेतलं सगळ्यात मोठं कोळशाचं वीजकेंद्र ते. आणि त्याच रात्री आपल्याकडे रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी चालू झाली. तिच्यामुळे दक्षिणेतली राज्यं उरलेल्या देशाच्या तालात आली आणि भारताचं सगळं वीजजाळं पहिल्यांदा एक झालं. सोलापुरात रात्र होती तेव्हा नँटिकोकला सकाळ होती. एका घरची चूल विझत होती, आणि दुसऱ्या घरात वेगळे राहिलेले भाऊ चुली एकत्र करत होते.

तारखेच्या गमतीपोटी मी दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले, आणि मग गंमत बाजूला राहून डोकं गरगरायला लागलं.

नँटिकोकपासून सुरुवात करू. १९७० च्या दशकात उभं राहिलेलं केंद्र, आठ संच, मिळून ३,९६४ मेगावॉट. मेगावॉट हा शब्द आपण पेपरात इतक्यांदा वाचतो की त्याचं वजनच जाणवेनासं झालंय. ते असं तोलून बघा. धडधाकट माणूस दमाने सायकल मारत राहिला तर साधारण १०० वॉट वीज काढतो. म्हणजे नँटिकोकची बरोबरी करायला जवळपास ४ कोटी माणसं लागतील. त्या वर्षी कॅनडाची लोकसंख्या होती साडेतीन कोटी. तान्ह्या बाळापासून पंतप्रधानांपर्यंत अख्खा देश सायकलवर बसवला, जेवायची सुट्टीही दिली नाही, तरी तळ्याकाठच्या त्या एका केंद्राइतकी वीज निघाली नसती.

आता चुलीत काय घालायचं ते. सगळे संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला सुमारे ३५ हजार टन कोळसा लागेल, असा माझा पाठकोऱ्या कागदावरचा हिशोब आहे. हा कोळसा बोटींनी यायचा, आणि हिवाळ्यात तळं गोठलं की बोटी बंद. आपल्याकडे आजी पावसाळ्यापूर्वी सरपण रचून ठेवायची, तसा त्यांना बर्फ पडण्याआधी कोळशाचा डोंगर रचून ठेवावा लागे.

आपलं चंद्रपूर आज २,९२० मेगावॉटचं, म्हणजे नँटिकोकच्या पाऊणपट. तर मग कोळसाही पाऊणपट लागावा? छे. आपल्या कोळशात ३५ ते ४० टक्के राखच असते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो. पूर्ण भाराचा दिवस धरला तर चंद्रपूरला ४८-४९ हजार टन. एका मालगाडीत ५८ वाघिणी आणि जवळपास ४ हजार टन माल धरा, म्हणजे बारा गाड्या. दर दोन तासांना एक गाडी येऊन उलटी व्हायची, रात्रीसुद्धा. आणि त्यातून मागे उरणार १७-१८ हजार टन राख, रोजच्या रोज. सोळा टनी ट्रक धरला तर अकराशे ट्रक. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या (वेकोलि) खाणी चंद्रपूरच्या उशाशी आहेत म्हणून तिथे हे परवडतं. हाच कोळसा छत्तीसगडहून किंवा ओडिशाहून दूरच्या केंद्रांना जातो, तेव्हा आपण भाडं भरून दगडमातीची यात्रा काढतो, असं म्हणायला हरकत नाही.

देशाचा आकडा घ्या. २०२४-२५ मध्ये भारताने १०४ कोटी टनांहून अधिक कोळसा काढला. हा सगळा आपल्या मालगाड्यांत भरून त्या एकामागे एक उभ्या केल्या तर रांग होते पावणेदोन लाख किलोमीटरच्या पुढे. पृथ्वीला चार वेढे देऊन वर उरेल, किंवा चंद्राची जवळजवळ अर्धी वाट. पण मला याहून धसका दिला तो साध्या भागाकाराने. १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी दिवसाला दोन किलो. आमच्या चार माणसांच्या घरात रोज अर्धा-पाऊण किलो कणीक लागते, आणि त्याच घराच्या नावावर रोज आठ किलो कोळसा. पोत्यातून खांद्यावर आणावा लागला असता तर पंखा बंद करायची आठवण कुणालाच करून द्यावी लागली नसती.

एवढ्यावर थांबलेलं नाही. २०३२ पर्यंत कोळशाची आणखी किमान ८० हजार मेगावॉट क्षमता उभारायचं केंद्र सरकारने ठरवलंय. म्हणजे वीस नँटिकोक. ओंटारिओने जे एक विझवायला दहा वर्षं घेतली तशी वीस पेटवायची.

केंद्र बांधलं की काम झालं असं आपल्याला वाटतं, कारण उद्घाटनाची फीत तिथे कापतात. खरी करामत तारांची. १,००० मेगावॉट वीज आपल्या गल्लीतल्या ४०० व्होल्टच्या तारांतून न्यायची म्हटली तर सव्वाचौदा लाख अँपिअरहून जास्त प्रवाह होतो. तार दिसायच्या आधी वितळेल. तीच वीज ७६५ किलोव्होल्टवर चढवली की प्रवाह उरतो साडेसातशे अँपिअर. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे प्रवाह दहापट कमी केला की घट शंभरपट कमी. सगळा खेळ या वर्गाचा आहे. तो इतक्या चढ्या व्होल्टवर पहिल्यांदा खेळला कॅनडानेच. क्विबेकमध्ये धरणं उत्तरेच्या अरण्यात आणि माणसं दक्षिणेला माँट्रियलच्या बाजूला, मधे शेकडो किलोमीटर थंडी. जाँ-जाक आर्शाम्बो या अभियंत्याने ७३५ किलोव्होल्टची कल्पना लावून धरली आणि १९६५ साली जगातली पहिली तशी वाहिनी सुरू झाली. आपल्याकडे ७६५ किलोव्होल्टवर पहिली वाहिनी, सिपत ते सिवनी, धावली ती २००७ मध्ये. बेचाळीस वर्षांनी.

पण व्होल्ट चढवून तार जोडली म्हणजे दोन जाळी जुळत नाहीत. आपल्या विजेचा ताल सेकंदाला ५० आवर्तनांचा. जोडलेल्या जाळ्यातलं प्रत्येक मोठं जनित्र, कोराडीचं असो की कोरबाचं, त्याच ठेक्यावर फिरतं. सोलापूरच्या माणसाला हे लेझमीवरून लगेच कळेल. दोन पथकं समोरासमोर आली, दोघांचा ठेका एकच असला, तरी एकाचा पाय पुढे असताना दुसऱ्याचा मागे असेल तर मिसळताना चेंगराचेंगरीच होणार. ठेकाही जुळावा लागतो आणि पाऊलही. २०१३ च्या त्या रात्री हजार पावलं नव्हती, सुमारे २ लाख ३० हजार मेगावॉटची यंत्रं होती. चुकीच्या क्षणी खटका पडला असता तर टनावारी पोलादाचे दांडे पिळवटून निघाले असते.

त्याआधी दक्षिणेला वीज जातच नव्हती असं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १९९० च्या दशकापासून एक मोठं रूपांतर केंद्र आहे, १,००० मेगावॉटचं. तिथे पश्चिमेची वीज आधी एकदिश करायची आणि लगेच शेजारीच पुन्हा दक्षिणेच्या तालात प्रत्यावर्ती करायची. दोन भाषांच्या मधला दुभाषी म्हणा. देवघेव होते, पण एकाला आलेली शिंक दुसऱ्याला लागत नाही.

आणि शिंक लागते, फार लागते. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोमध्ये भाराने लोंबलेल्या तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या, आणि दुपारी चारच्या पुढे काही मिनिटांत २६५ वीजकेंद्रं बंद पडली. न्यूयॉर्कपासून टोरांटोपर्यंत ५ कोटी लोक अंधारात. आपल्याकडे ३० जुलै २०१२ ला बीना–ग्वाल्हेर वाहिनी बंद पडली आणि उत्तर भारत काळोखात गेला. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य मिळून ६० कोटींहून अधिक वस्तीचा प्रदेश. महाराष्ट्राची लाइट तेव्हा गेली नाही, नाहीतर आपल्याला हा आकडा पाठ असता. क्विबेकला तर १३ मार्च १९८९ ला सूर्यानेच धक्का दिला. सौर वादळाने पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हललं, त्या लांबलचक तारांत नको तो प्रवाह घुसला आणि सगळं जाळं दीड मिनिटात कोसळलं. ६० लाख लोक, नऊ तास. पोह्यांना फोडणी द्यायला त्या दीड मिनिटाहून जास्त वेळ लागतो.

गंमत अशी की ज्या देशाने हे तंत्र जगाला दाखवलं, त्याला स्वतःचं एकच एक जाळं आजही नाही. क्विबेकचा ताल वेगळा, शेजारच्या ओंटारिओचा वेगळा. दोघांच्या मधे भद्रावतीसारखेच दुभाषी बसवलेत. कॅनडाचे प्रांत एकमेकांपेक्षा दक्षिणेच्या अमेरिकेशी जास्त घट्ट बांधलेले आहेत. एकेक प्रांत आपापली वीज सांभाळतो. भाऊबंदकी म्हणावी की शहाणपण, ज्याचं त्याने ठरवावं. आपण मात्र लडाखपासून केरळपर्यंत एकच ताल धरून बसलो आहोत.

ओंटारिओने कोळसा सोडला कसा? २००३ मध्ये प्रांताची चतुर्थांश वीज कोळशाची होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत लिबरल नेते डाल्टन मॅग्विंटी यांनी २००७ पर्यंत सगळी कोळसा केंद्रं बंद करायचं वचन दिलं. २००७ चं २००९ झालं, २००९ चं २०१४. (वाचून बरं वाटलं. मुदती घसरणं हा काही केवळ आपला वारसा नव्हे.) नँटिकोकचे चार संच २०१० आणि २०११ मध्ये बंद झाले, उरलेले चार त्या डिसेंबरात. एप्रिल २०१४ मध्ये थंडर बे येथे शेवटचा कोळसा जळाला. धुरक्याचे इशारे २००५ साली ५३ दिवस द्यावे लागले होते, २०१४ साली एकही नाही. ही कमाई खरी आहे आणि तिला कमी लेखायचं कारण नाही.

पण त्यांच्या हाताशी नायगारा होता, ब्रूसचं अवाढव्य अणुकेंद्र होतं, बंद पडलेल्या अणुभट्ट्या दुरुस्त करायला पैसा होता, वायू होता. आणि विजेची मागणी वाढायची थांबली होती. ओंटारिओचा मागणीचा विक्रम १ ऑगस्ट २००६ चा, २७,००५ मेगावॉट, आणि तो पुढची कित्येक वर्षं कुणी मोडला नाही. भरल्या ताटावरून एक पदार्थ उचलून ठेवणं आणि अर्ध्या ताटावरून उचलणं यात फरक आहे. शिवाय ब्रिटिश कोलंबियात व्हँकुव्हरच्या दक्षिणेला रॉबर्ट्स बँक धक्क्यावरून आशियाकडे कोळशाची जहाजं सुटतच असतात. त्यातला बराच पोलादाच्या भट्ट्यांसाठी जातो हे खरं, पण कोळसा तो कोळसा. घरात चूल बंद, दारात वखार चालू.

आता आणखी एक भागाकार. ओंटारिओच्या त्या विक्रमी दिवशी प्रांतात सव्वा कोटीच्या आसपास लोक होते. म्हणजे माणशी साधारण २,१५० वॉट. भारताने ३० मे २०२४ ला विक्रम केला तो २ लाख ५० हजार मेगावॉटचा. आकडा ऐकून छाती दडपते. त्याला १४० कोटींनी भागा. उत्तर येतं १७९ वॉट. दोन पंखे आणि एक ट्यूबलाइट. तेही सरासरीने, आणि तेही वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या घडीला, ज्यात कारखाने, रेल्वे, शेतीपंप आणि मॉलचे एसी सगळे आले. कालाहंडीतल्या माणसाच्या वाट्याचा पंखा बहुधा नरिमन पॉइंटच्या काचेच्या इमारतीत फिरत असणार. महाराष्ट्राची मागणी अलीकडच्या उन्हाळ्यांत ३० हजार मेगावॉटच्या आसपास जाते, म्हणजे ओंटारिओइतकीच, फक्त माणसं आठ-दहापट.

सोलापूरला त्या वाहिनीनंतर कोळशाचं केंद्रही आलं. एनटीपीसीचे ६६० मेगावॉटचे दोन संच, एक २०१७ मध्ये आणि दुसरा २०१९ मध्ये. पाणी उजनीचं. पूर्ण भाराने चालले तर रोज पाच मालगाड्या.

नँटिकोकच्या दोन चिमण्या, १९८ मीटर उंचीच्या, २८ फेब्रुवारी २०१८ ला स्फोटकांनी पाडल्या. एकावर एक अडीच कुतुबमिनार रचले तरी एका चिमणीएवढे झाले नसते. काही सेकंदांत दोन्ही आडव्या. पुढच्या वर्षी त्याच जागेवर सौर प्रकल्प सुरू झाला, सिक्स नेशन्स आणि मिसिसॉगाज या तिथल्या मूळ रहिवासी समाजांच्या भागीदारीत. १ लाख ९२ हजारांहून अधिक पॅनेल, आणि क्षमता ४४ मेगावॉट. जुन्या केंद्राचा नव्वदावा हिस्सा. ओंटारिओच्या विक्रमी दिवसाच्या मापाने त्यावर वीस हजार माणसं भागतील, आपल्या मापाने अडीच लाख. ऊन असेपर्यंत.