शेलारवाडीचें लेणें कोणाचें?

मुळशी तालुक्यांतील कासारसाईच्या उत्तरेस, देहूरोड व सोमाटणें यांच्या दरम्यान, शेलारवाडीची म्हणजेच घोरवडेश्वराची टेकडी आहे. तिच्या कड्यांत बौद्ध लेणीं असून त्यांपैकीं एकांत पुढें शिवलिंगाची स्थापना झाली. अशीं लेणीं पांडवांनीं वनवासांत एका रात्रींत कोरलीं, ही समजूत महाराष्ट्रांत सर्वत्र आढळते. नाशिकच्या लेण्यांस तर पांडवलेणीं हेंच नांव पडलें.

या समजुतीस ग्रंथाधार कितपत? महाभारताच्या आदिपर्वांत लाक्षागृहाखालीं भुयार खणल्याची कथा आहे खरी. परंतु तेंहि पांडवांनीं खणलेलें नव्हे, विदुरानें पाठविलेल्या खनकानें तें काम केलें. (भुयारास तेथें योजिलेला 'सुरुङ्गा' हा शब्दच ग्रीक भाषेंतून आला, असें अनेक पंडितांचें मत आहे.) वनपर्वांत पांडवांनीं डोंगर कोरल्याचा प्रसंग नाहीं.

खरें कारण निराळें. ब्राह्मी वाचणारे नाहींसे झाले तेव्हां भिंतींवरील अक्षरें मुकीं झालीं, व कर्त्याच्या रिकाम्या जागीं ओळखीचीं नांवें येऊन बसलीं. दक्षिण जर्मनींत रोमन सरहद्दीच्या तटास लोक 'सैतानाची भिंत' म्हणत, तोहि प्रकार हाच. १८३७ सालीं जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी उलगडली, आणि लेणीं स्वतःच बोलूं लागलीं.

शेलारवाडीचा एक प्राकृत लेख असें सांगतो कीं, धेनुकाकट येथें राहणाऱ्या उसभणक नामक 'हालकिय कुडुबिका'ची, म्हणजे नांगर धरणाऱ्या गृहस्थाची, पत्नी सिअगुतनिका हिनें आपला पुत्र नंद गृहपति याच्यासह हें लेणें दान दिलें. धेनुकाकटाचें नांव कार्ल्याच्या लेखांतहि वारंवार येतें. तेथील यवनांनीं कार्ल्यास खांब दिले. 'कुडुबिक' म्हणजे संस्कृत 'कुटुम्बिन्', आणि आपला 'कुणबी' हा शब्द त्याच मुळाचा. मावळांतील कुणबी जें लेणें पांडवांचें समजतो, तें दान एका कुणबिणीचें आहे! तिचें नांव लोकांस ठाऊक नसावें, याची आम्हांस खंत वाटते.

संग्राहक मित्रांस आमची विनंति आहे कीं, पोथ्यांइतकाच या भिंतींकडेहि डोळा असूं द्यावा. चुना, शेंदूर व तैलरंग यांच्या पुटांखालीं अक्षरें बुजतात. पांडवांच्या कथाहि सांगणाऱ्याच्याच शब्दांत, गांव व तिथि घालून, टिपून ठेवाव्या. त्यांवरून लेण्याचा काळ मात्र ठरवूं नये. लेखाचा ठसा घ्यावयाचा झाल्यास प्रथम पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी.