कागदांच्या अरण्यातील वाटाड्या

ग्रंथालय म्हटले म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे छापील पुस्तकांनी भरलेली कपाटे येतात. पुस्तकाचे किंवा ग्रंथकाराचे नाव सांगावे, म्हणजे पुस्तक हाती पडते. तेथे ते न मिळाले, तर त्याचीच दुसरी प्रत अन्यत्र मिळण्याचा संभव असतो. परंतु मोठमोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत आणखी एक दालन असते, आणि तेथील वस्तूंची दुसरी प्रत जगात बहुधा नसते. नामांकित स्त्रीपुरुषांची पत्रे, संस्थांची इतिवृत्ते, हस्तलिखिते, रोजनिशा, जमाखर्चाच्या वह्या, छायाचित्रे आणि दुर्मिळ छापील ग्रंथ असा तो ठेवा असतो. त्यास 'विशेष संग्रह' असे म्हणतात. या दालनात येणाऱ्या वाचकाची व तेथील कागदांची गाठ घालून देणारा जो अधिकारी, तो संदर्भ-अभिलेखपाल. त्याचे काम कोणते, आणि आपल्यासारख्या सामान्य माणसांचा त्याच्याशी काय संबंध, हे आज सांगावयाचे आहे.

वरवर पाहता हे काम अगदी साधे दिसते. वाचकाने चिठ्ठी द्यावी, अभिलेखपालाने पेटी आणून द्यावी, संपले! परंतु चिठ्ठीवर कोणत्या पेटीचा क्रमांक लिहावा, हे वाचकास कळावे कसे? खरी अडचण तेथेच आहे. ती नीट ध्यानात यावी म्हणून एक उदाहरण घेऊ.

सन १९४६ च्या जुलै महिन्याच्या सुमारास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील एका थोर विद्वानास पत्र लिहिले. त्या विद्वानाचे नाव डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन होत, आणि आपल्या समाजाच्या हक्कांसाठी त्यांनी सारे आयुष्य वेचले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थिती व हिंदुस्थानातील अस्पृश्यांची स्थिती यांतील साम्य बाबासाहेबांनी या पत्रात दाखविले आहे. नॅशनल नीग्रो काँग्रेस या संस्थेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे एक अर्ज केला होता. अस्पृश्यांचाही तसेच करण्याचा विचार असल्याने त्या अर्जाच्या दोनतीन प्रती मिळवून पाठवाव्या, अशी त्यांची विनंती होती. डू बॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर धाडले. अर्जाची प्रत त्यांनी सोबत जोडली, अस्पृश्यांविषयी सहानुभूती व्यक्त केली आणि याहून अधिक विस्तृत असा अर्ज दुसऱ्या एका संस्थेकडून पुढे सादर होण्याचा संभव आहे, असेही कळविले. ती संस्था म्हणजे कृष्णवर्णीयांच्या उन्नतीसाठी झटणारी तेथील राष्ट्रीय सभा. तिचा अर्ज स्वतः डू बॉइस यांच्या संपादकत्वाखाली सन १९४७ मध्ये सादर झाला.

आता समजा, आपल्याकडील एखाद्या विद्यार्थ्यास बाबासाहेबांचे हे मूळ पत्र पाहावयाचे आहे. तो कोठे जाईल? प्रथम मुंबईस, नंतर कदाचित दिल्लीस. तेथे बाबासाहेबांचे कागद तो धुंडाळील आणि निराश होऊन परतेल. कारण उघड आहे. पत्र लिहिणारा पत्र टपालात टाकतो. ते राहते ज्यास पोचले त्याच्यापाशी. डू बॉइस सन १९६३ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात, अक्रा येथे निवर्तले. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह सन १९७३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने त्यांच्या पत्नीकडून मिळविला, आणि तो अ‍ॅमहर्स्ट गावातील विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला. पुढे त्या उत्तुंग ग्रंथालयास डू बॉइस यांचेच नाव देण्यात आले. बाबासाहेबांचे पत्र तेथे आहे. त्यास गेलेले उत्तरही तेथेच वाचावयास मिळते, कारण आपण धाडलेल्या पत्रांच्या प्रती जपून ठेवण्याची डू बॉइस यांस सवय होती. कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचे जे गुरू होते, त्या प्राध्यापक सेलिग्मन यांना त्यांनी लिहिलेली पत्रेही कोलंबियाच्याच विशेष संग्रहात सापडतात, ती याच न्यायाने. "पत्र शोधावयाचे तर ते ज्यास गेले त्याच्या घरी शोधावे," हा अभिलेखपालाच्या शास्त्रातील पहिला धडा म्हणावयास हरकत नाही.

दुसरा धडा याहून थोडा खोल आहे. डू बॉइस यांच्या संग्रहात केवळ पत्रव्यवहाराचेच एक लाखाहून अधिक कागद आहेत. सारा संग्रह ३०० हून अधिक पेट्यांत भरलेला आहे. कोणी म्हणेल, या कागदांची विषयवार विभागणी का करू नये? हिंदुस्थानाविषयीचे सारे एका पेटीत, आफ्रिकेविषयीचे दुसरीत, म्हणजे शोधणाऱ्याची किती सोय! पूर्वी युरोपात असे करीतही असत, आणि त्यापायी पुष्कळ दप्तरांचा विचका झाला. तेव्हा सन १८४१ मध्ये फ्रान्सच्या सरकारने एक परिपत्रक काढून नियम घालून दिला, की एका व्यक्तीचे, घराण्याचे अथवा संस्थेचे कागद एकत्रच ठेवावे, इतरांच्या कागदांत मिसळू नयेत. सन १८९८ मध्ये मुल्लर, फेथ व फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी या विषयावर एक नियमग्रंथ सिद्ध केला, आणि कागदांचा मूळचा क्रमही शक्य तो कायम ठेवावा, हे तत्त्व त्यामुळे सर्वमान्य झाले. योगायोग असा, की इतिहासाचार्य राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

या नियमात शहाणपण कोणते? प्रत्येक कागदास शेजारी असतात, आणि शेजाऱ्यांवरून कागदाचा अर्थ उमगतो. बाबासाहेबांचे पत्र 'हिंदुस्थान' अशा चिठ्ठीच्या पेटीत काढून ठेवले, तर ते एक स्मृतिचिन्ह होऊन बसेल. उलट ते डू बॉइस यांच्या सन १९४६ च्या पत्रव्यवहारात राहिले, म्हणजे हे पत्र आले तेव्हा त्या गृहस्थांच्या मेजावर दुसरे काय होते, संयुक्त राष्ट्रसंघाविषयी ते इतर कोणाकोणास लिहीत होते, हेही वाचकास पाहता येते. पेशवे दप्तरातील रुमालांची ज्यांस ओळख आहे त्यांना हे विस्ताराने सांगावयास नको. रुमालातून सुटा झालेला कागद म्हणजे मेळ्यात चुकलेले मूल. ते आपले गाव सांगू शकत नाही.

परंतु या व्यवस्थेमुळेच वाचकाची पंचाईत होते. वाचक येतो तो विषय घेऊन, आणि कागद असतात ते माणसांच्या व संस्थांच्या नावांनी लावलेले. या दोहोंमधील अंतर सांधणे हेच संदर्भ-अभिलेखपालाचे मुख्य काम होय. वाचकाचा प्रश्न ऐकून त्यास मनाशी आणखी प्रश्न करावे लागतात. ही गोष्ट घडली केव्हा? तिच्याशी कोणाचा संबंध आला असेल? त्यांपैकी कागद जपून ठेवणारा कोण होता? ते कागद पुढे कोणाच्या हाती गेले? याची उत्तरे मिळाली, की तो मार्गदर्शक सूची उघडतो. या सूचीत संग्रह कोणाचा, तो कसा मिळाला, त्याचे भाग किती, कोणत्या पेटीत कोणत्या वर्षांचे कागद आहेत, याची नोंद असते. मात्र एकेका कागदाचे वर्णन सर्वच सूच्यांत असते असे नाही. पुष्कळदा "पत्रव्यवहार, अमुक वर्ष" एवढेच लिहिलेले असते, आणि पुढची वाट अभिलेखपालाच्या अनुभवावरच काढावी लागते.

मी सारी हयात शाळेत काढली, म्हणून शाळेतील दाखला देतो. प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असते. मुलगा शाळेत दाखल झाला, की त्याचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मस्थळ ही सारी त्यात ओळीने उतरतात, आणि त्यास एक क्रमांक मिळतो. चाळीसपन्नास वर्षांनी एखादा म्हातारा येतो आणि म्हणतो, "गुरुजी, माझ्या वडिलांचा दाखला पाहिजे." नोंदी प्रवेशाच्या क्रमाने असतात, नावावरून त्या काढता येत नाहीत. मग त्यास विचारावे लागते, "वडील कोणत्या साली शाळेत आले असतील? त्यांच्या बरोबरीचे गावात कोण होते? त्यांचे घरचे नाव वेगळे होते काय?" अशा चौकशीतून वर्ष ठरते, वर्षावरून पान सापडते, आणि त्या पानावरील एका ओळीवर नातवाची शिष्यवृत्ती किंवा जमिनीचा वारसा अवलंबून असतो. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव दाखल झाले. त्या एका ओळीमुळे सन २०१७ पासून महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. ते रजिस्टर कोणा कारकुनाने रद्दीत घातले असते, तर? तात्पर्य, साताऱ्याचे रजिस्टर काय आणि अ‍ॅमहर्स्टची पेटी काय, दोहोंचा धर्म एकच.

असो. पेटी सापडल्यावरही अभिलेखपालाचे काम संपत नाही. वाचनकक्षाची शिस्त मोठी कडक असते. वाचकाने पिशवी, कोट व खाद्यपेये बाहेर ठेवावयाची. आत शाईचे पेन चालत नाही, केवळ शिसपेन्सिल. कारण पेन्सिलीची चुकून ओढलेली रेघ पुसता येते, शाईचा डाग जन्माचा राहतो. एका वेळी एकच पेटी, आणि पेटीतून एकच फोल्डर मेजावर घ्यावयाचा. तो जेथून काढला तेथे खूण ठेवावयाची आणि आतील कागदांचा क्रम मोडावयाचा नाही. कागद हाताळताना हातमोजे घालतात असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक मोज्यांनी बोटांची जाण कमी होते व जीर्ण कागद फाटण्याचे भय वाढते. म्हणून कागदास स्वच्छ धुऊन कोरडे केलेले हात पुरतात. मोजे लागतात ते छायाचित्रांसारख्या वस्तूंना. ही बंधने वाचकावरील अविश्वासामुळे घातलेली नसतात. आज आलेल्या वाचकास जे मिळाले, ते शंभर वर्षांनी येणाऱ्यासही मिळावे, एवढाच त्यांचा हेतू.

अभिलेखपालास स्वतःवरही काही बंधने घालून घ्यावी लागतात. दारी आलेला मनुष्य नामवंत प्राध्यापक असो, की आपल्या आजीचे नाव शोधणारी गृहिणी असो, दोघांस सारखाच आदर द्यावयाचा. एकाचे संशोधन दुसऱ्यास सांगावयाचे नाही. दात्याने काही कागद विशिष्ट मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची अट घातली असेल, तर ती पाळावयाची. जिवंत माणसांच्या खासगी गोष्टी चव्हाट्यावर येऊ द्यावयाच्या नाहीत. कागद ग्रंथालयाच्या मालकीचा असला, तरी त्यातील मजकूर छापण्याचा हक्क बहुधा लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा असतो, हेही वाचकास बजावून सांगावे लागते. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे कागदाचा अर्थ वाचकावर लादावयाचा नाही. जुन्या कागदांत आज अपमानकारक वाटणारे शब्द येतात. अस्पृश्यांविषयी, कृष्णवर्णीयांविषयी, स्त्रियांविषयी काय काय लिहिले गेले, ते वाचून मन विटते. अभिलेखपाल आपल्या वर्णनात सभ्य शब्द योजील. परंतु मूळ कागदातील अक्षर तो पुसणार नाही. अन्यायाचा पुरावा नाहीसा करणे हे अन्याय करणाऱ्याच्याच पथ्यावर पडते.

आता यंत्रांच्या योगाने पुष्कळ कागदांची छायाचित्रे घरबसल्या पाहावयास मिळतात. डू बॉइस यांचा संग्रहही असा खुला झालेला असून, वर सांगितलेले पत्र खेड्यातील मुलगासुद्धा आपल्या दूरध्वनीच्या पडद्यावर वाचू शकतो. ही आनंदाची गोष्ट आहे. मग वाटाड्या कशास हवा, असा प्रश्न उद्भवतो. त्यास उत्तर असे, की जगातील दप्तरांचा फारच थोडा भाग या रीतीने पडद्यावर आला आहे. शिवाय जे आले आहे त्यातही, काय शोधावे हे ज्यास ठाऊक नाही त्याची वाट चुकतेच. यंत्रास नाव विचारले तर ते नाव दाखवील. "बाबा रे, तू विचारतोस ते येथे नाही, परंतु ज्यास ते पत्र गेले त्याच्या कागदांत पाहा," असे सांगावयास शास्त्र जाणणारा आणि वाचकाविषयी आस्था असणारा माणूसच लागतो.

श्रोतेहो, दोन दूरच्या समाजांतील दोन पुढाऱ्यांनी एकमेकांचे दुःख ओळखले होते, हे आज आपण पुराव्यानिशी सांगू शकतो. का? डू बॉइस यांनी कागद जपले, विद्यापीठाने ते लावले आणि तेथे बसलेल्या माणसांनी ते विचारणाऱ्यांच्या हाती दिले. या तिहींपैकी एक दुवा तुटला असता, तर ती गोष्ट केवळ ऐकीव राहिली असती. आपल्याकडे घरोघरी माळ्यावर ट्रंका आहेत. त्यांत मोडीतील खतपत्रे आहेत, गिरणीतून गावी धाडलेली पत्रे आहेत, मंडळांची इतिवृत्ते आहेत, आजीने लिहिलेल्या ओव्यांच्या वह्या आहेत. घर साफ करताना ही ट्रंक रद्दीवाल्याच्या तराजूत जाते, आणि वजनाने विकलेल्या त्या कागदांबरोबर एका घराण्याची साक्ष कायमची जाते. असे कागद आपणांपाशी असतील, तर ते फोडू नका, त्यांतले 'महत्त्वाचे' तेवढे निवडून बाकीचे टाकू नका. ते कोणाचे, कोठून आले, एवढे पेन्सिलीने एका वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा, आणि जवळच्या एखाद्या जबाबदार संग्रहाकडे चौकशी करा. तसेच, आपल्या मुलाबाळांना एखादा प्रश्न पडला, तर अशा वाचनकक्षाचे दार ठोठावण्यास त्यांना अवश्य सांगा. ते दार केवळ पंडितांसाठी आहे, या समजुतीने पुष्कळांचे प्रश्न उंबरठ्याबाहेरच राहिले. प्रश्न घेऊन येणारा प्रत्येक जण तेथे पाहुणा असतो, आणि त्यास वाट दाखविण्यासाठीच तो अधिकारी तेथे बसलेला असतो.